अर्विन यान्शची बोलकी पिंपं

अर्विन यान्शने उभ्या हयातीत लाकडाला सरस लावला नव्हता. द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यातल्या अँगस्टनमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. चर्चमधलं बाक डगमगायला लागलं की तो खुंट्या घेऊन जायचा. घरातल्या खुर्चीचा पाय निखळला तर तासून, पुन्हा तासून असा काही बसवायचा की नंतर काढायचा झालाच तर करवत घ्यावी लागावी.

"सरस कुणी लावावा?" तो म्हणायचा. "ज्याला सांधा जमत नाही त्याने."

त्याचा धंदाच तसा होता. वाइनची पिंपं बांधण्यात त्याचं आयुष्य गेलं. ओकच्या फळ्या तासायच्या, आगीवर वाकवायच्या, लोखंडी कड्यांनी आवळायच्या. खिळा नाही, स्क्रू नाही, सरसाचा थेंब नाही, आणि तरी आत तीनशे लिटर वाइन वर्षानुवर्षं निवांत पडून राहते. झाकण जिथे खाचेत बसतं तिथे तेवढी पिठाची खळ भरायची. खळ चालते. खळ वाइनला कळत नाही. अर्विन शिकाऊ होता तेव्हा बरोबरच्या एका पोराने फळीची चीर सरसाने लपवली होती. म्हाताऱ्या डोलिंग उस्तादाने ते पिंप उचललं आणि सगळ्यांदेखत भट्टीत घातलं. पोराला एक शब्द बोलला नाही. तो पोरगा पुढे पोस्टात लागला.

अर्विनच्या बायकोला, एल्माला, पिंपांचं फारसं कौतुक नव्हतं. तिचा जीव पुस्तकांत. त्यातही खुनाच्या. सुक्या जर्दाळूंच्या कारखान्यात फळं निवडायला जायची तेव्हासुद्धा जेवणाच्या सुट्टीत तिच्या मांडीवर पुस्तक असायचं. रात्री जेवताना ती अर्विनला दिवसभराचं सांगायची. पाद्र्याच्या चहात काय घातलं, माळी कुठे होता, विधवेने खोटं का सांगितलं. अर्विनने शाळा सोडल्यावर एकही पुस्तक उघडलं नव्हतं, पण विष किती तऱ्हेचं असतं हे त्याला त्यामुळे चांगलं माहीत होतं.

मग एल्माचे डोळे गेले. पुरते नाही. नजरेच्या मधोमध काळा डाग आला आणि मोठा होत गेला. समोरच्या माणसाचे कान दिसत, तोंड दिसत नसे. पानाच्या कडा दिसत, अक्षरं नसत.

वाचनालयाने ऐकायची पुस्तकं टपालाने पाठवायला सुरुवात केली. सीडी लावायची, खुर्चीत बसायचं, कुणीतरी माणूस वाचून दाखवतो. फार चांगली सोय. पण यान्शांच्या बैठकीतले स्पीकर होते लग्नानंतर घेतलेले, आणि कानही आता पूर्वीचे नव्हते. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. वाचणारा तोंडासमोर उशी धरून बोलतोय असं वाटायचं. पर्थला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने तळहातावर मावेल असा प्लास्टिकचा स्पीकर पाठवला. तो एल्माने एकदा ऐकला आणि म्हणाली, "डबीत माशी अडकलीय." कानाला लावायचे हेडफोन आणले, तर कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं.

शेवटी अर्विनने स्वतः वाचून बघितलं. बोट ठेवून ठेवून दोन पानं वाचली.

"राहू दे अर्विन," एल्मा म्हणाली. "तू वाचतोस तेव्हा खुनाच्या आधीच सगळी माणसं मेलेली वाटतात."

त्या हिवाळ्यात जेवणाच्या टेबलावर काट्याचमच्यांचाच आवाज तेवढा होता. आणि एका संध्याकाळी, काकडीच्या लोणच्याची बरणी उघडता उघडता, एल्माने सांगून टाकलं.

"लिओनोर म्हणते, टनुंडाला त्यांच्या वृद्धांच्या घरात रोज दुपारी एक बाई येते. तासभर मोठ्याने वाचते. पुढच्या वर्षीचा ईस्टर झाला की मी तिकडे जाते. तू येतोस तर ये."

"आणि नाही आलो तर?"

"तर चर्चमध्ये भेटू की दर रविवारी."

लिओनोर ही तिची थोरली बहीण. एल्मा थट्टा करतेय की काय हे बघायला अर्विनने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं, ते तिने टेबलाच्या कडेवर आपटलं आणि उघडलं.

दुसऱ्या दिवशी अर्विन एक स्पीकर काखेत मारून कुंपणापलीकडच्या मर्व्ह टकरच्या शेडमध्ये हजर झाला.

मर्व्ह टीव्ही दुरुस्त करणारा. टीव्ही लोकांनी दुरुस्त करणं सोडून दिलं तेव्हा त्यानेही धंदा सोडला, पण तारांना डाख द्यायची सोल्डरची सळई काही सोडली नाही. अर्विनपेक्षा थोडा लहान, तोंडाने फटकळ, आणि जर्मनांनी वसवलेल्या या खोऱ्यात जन्म काढूनही आपण त्यांच्या पोटचे नाही याचा त्याला अभिमान.

त्याने स्पीकरची पाठ उघडली आणि शिट्टी वाजवली.

"अरे देवा. यात उंदीर राहत होते का?"

"ऐकू येत नाही नीट. एल्माला शब्द कळत नाहीत."

"कळतील कसे? हे बघ." मर्व्हने आतल्या छोट्या पाटीवरचं अंगठ्याएवढं नळकांडं दाखवलं. "ही पाटी आवाज वाटून देते. जाडा आवाज खालच्या मोठ्या वूफरला, बारीक आवाज वरच्या छोट्या ट्वीटरला. हा कपॅसिटर. बारीक आवाज याच्यातून जातात. आत ओलावा असतो, तो इतक्या वर्षांत सुकला. म्हणजे स, ट, क, फ सगळे दारातच अडकले. उरला तो नुसता हंबरडा."

"सुकला म्हणून बिघडला?"

"हो. तुझ्या पिंपांसारखंच."

हे अर्विनला एकदम पटलं. "मग ओला कर."

"ओला करत नाहीत, म्हाताऱ्या, नवा घालतात. न सुकणारा, प्लास्टिकच्या पापुद्र्याचा. ट्वीटर रेशमी घुमटाचा घालू, म्हणजे कानाला टोचणार नाही. वूफरची कड तर गेलीच." मर्व्हने बोट लावलं, फोमचा भुगा पडला. "आणि खोकं भुशाचं आहे, फुगलंय. नवं करू. प्लायवूड कापू, कोपऱ्यांना भरपूर सरस, वरून स्क्रू."

अर्विनने स्पीकर आपल्याकडे ओढला. मर्व्हने वर बघितलं.

"काय झालं?"

"खोक्याला नक्की लागतं काय?"

"दोन गोष्टी. आतली हवा बाहेर जाता कामा नये. आणि खोक्याने स्वतः बोलता कामा नये. बोलायचं ते स्पीकरने."

"हवा?" अर्विन म्हणाला. "अरे, माझ्या पिंपातून वाइन जात नाही, हवा कुठून जाणार?"

मर्व्हने हातातली सळई खाली ठेवली. "नको हं."

"छोटी दोन. पोर्ट वाइनसाठी घरोघरी असतात ना, तशी. जाड फळीची."

"अर्विन, बायकोला पुस्तक ऐकायचंय. तिला दारू पाजायची नाहीये."

पण अर्विन तोवर दाराबाहेर पडला होता.

त्याने जुन्या पिंपाच्या फळ्या घेतल्या, आतून वाइनने जांभळ्या झालेल्या. वाकसाने तासल्या, रंध्याच्या लांब पट्टीवर कडा जुळवल्या. मागच्या अंगणात लोखंडी टोपलीत ओकचे तुकडे पेटवून फळ्या शेकल्या आणि ओल्या फडक्याने पुसत वाकवल्या. भाजलेल्या पावाचा, व्हॅनिलाचा वास सगळ्या गल्लीत पसरला. एल्मा व्हरांड्यात शाल घेऊन बसली होती. तिला तो वास लग्नापासून ओळखीचा. त्याच्या सदऱ्यांना तोच असायचा.

"कितवी फळी?" ती मधूनच ओरडायची.

"मोजू नकोस गं, मोडते."

झाकणाला भोक पाडायची वेळ आली तेव्हा अर्विन अडला. त्याने हातातली करवत खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"वाइन बाहेर यायला मी जन्मभर एकच भोक ठेवलं," तो मर्व्हला म्हणाला. "आणि तू म्हणतोस झाकणालाच दोन पाड."

"तू पाडतोस की मी पाडू?"

"तू हात लावू नकोस."

भोकं पडली. वरच्यात ट्वीटर, खालच्यात वूफर. मर्व्हने नवी पाटी सोल्डर करून आत बसवली. अर्विनने मागच्या झाकणावर तापल्या लोखंडाने आपली खूण डागली, नावाची दोन अक्षरं. त्याच्या हातच्या प्रत्येक पिंपावर ती होती. दोन्ही पिंपं लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली, तोंडं एल्माच्या खुर्चीकडे. सीडी लागली.

एल्मा ताठ बसली.

"शब्द येतायत," ती म्हणाली. "सगळे येतायत."

अर्विनने मर्व्हकडे बघितलं. मर्व्हने छताकडे बघितलं.

"फक्त," एल्मा म्हणाली, "हा माणूस पिंपात बसून वाचतोय."

मर्व्ह इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग त्याने समजावून सांगितलं. समोरासमोरच्या झाकणांमध्ये आवाज चेंडूसारखा उसळतो, आत काहीतरी मऊ भरायला हवं. शेजारच्या बेव्हकडे मेंढ्या होत्या. तिने पोतंभर लोकर दिली. एल्माने ती स्वतः धुतली, तीन पाण्यांतून, चिकटा जाईपर्यंत, आणि बोटांनी गाठी सोडवत पिंजली. त्या कामाला डोळे लागत नाहीत. दोरीवर वाळत घातलेली अर्धी लोकर पांढऱ्या पोपटांनी पळवली. उरली ती पुरली. ती भरल्यावर वाचणारा माणूस पिंपातून उठून खोलीत येऊन बसला.

त्या वसंतात जेवणाच्या टेबलावर पुन्हा माणसं मरायला लागली. एका पाद्र्याला मेणबत्तीच्या स्टँडने मारलं होतं. अर्विनला वाटलं भावाने मारलं असणार. एल्मा म्हणाली, भाऊ फार भला वाटतोय, म्हणजे तो नसणार. ईस्टरचं नाव कुणी काढलं नाही.

नाताळ झाला, म्हणजे इथला ऐन उन्हाळा, आणि उत्तरेकडून वारा सुटला. वाळवंटावरून येणारा, भट्टीचं दार उघडल्यासारखा. पारा चाळिशीच्या वर गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला. बागेतली पानं हातात घेतली की चुरा व्हायची. एका दुपारी एल्मा म्हणाली, "अर्विन, खोलीत माशी आहे का?"

"नाही."

"मग वकिलाच्या तोंडात आहे. तो बोलला की गुणगुणते."

"सीडी खराब असेल."

"बायका बोलतात तेव्हा नाही येत. जाड्या आवाजाचे पुरुष बोलले की येते."

अर्विनने पिंपावर हात ठेवला. आतून वकील बोलत होता आणि हाताखाली फळीला फळी घासून थरथरत होती. त्याला बघायचीही गरज नव्हती. कोरडं रिकामं पिंप उन्हाळ्यात काय करतं हे कुठल्याही शिकाऊ पोराला माहीत असतं. वाइन आत असते तेव्हा फळ्या पिऊन फुगलेल्या असतात, म्हणून सांधे घट्ट. या पिंपांत नुसती हवा होती.

आपण हे विसरलो कसे? तो स्वतःवरच चिडला. पण चिडून काय होतं. त्याने हातोडी घेतली आणि कडी खाली ठोकली. ठण ठण ठण. माशी गेली. आठवड्याने परत आली. पुन्हा ठोकली. मग कडी जायला जागाच उरली नाही.

मर्व्ह मुलीकडे पोर्ट लिंकनला मासे मारायला गेला होता, नाहीतर पुढचं झालं नसतं. अर्विनने तेच केलं जे कुठल्याही पिंपवाल्याने केलं असतं. स्क्रू काढून स्पीकर आणि आतली पाटी बाजूला ठेवली, लोकर काढली, किटलीभर उकळतं पाणी पिंपात ओतलं आणि पिंप गरगर फिरवलं. फळ्यांनी पाणी प्यायल्याचा आवाज त्याला ओळखीचा, बारीक, समाधानाचा. मग पाणी ओतून टाकलं, टॉवेलने पुसलं, सगळं परत बसवलं.

वकील स्वच्छ बोलायला लागला.

"गेली माशी!" एल्मा म्हणाली. "काय केलंस?"

"थोडं घट्ट केलं."

पुढे दर रविवारी चर्चहून आलं की अर्विन पिंपांना पाणी पाजायचा. त्याला तर मजा यायला लागली. निवृत्त झाल्यापासून इतकी नियमित पिंपाची चाकरी त्याने केली नव्हती. बागेतली झाडं वाळत होती, पण बैठकीतली पिंपं टवटवीत होती.

द्राक्षांची तोडणी सुरू झाली तेव्हा एके दिवशी न्यायाधीश निकाल द्यायला उभा राहिला आणि घशात खरवडल्यासारखा आवाज आला. खर्र, खर्र. मग एका बाजूचा वूफर बंदच पडला. आणि खोलीत भिजलेल्या कुत्र्याचा वास आला. तो एल्माला आधीच काही दिवस येत होता, पण तिला वाटलं, अर्विनची टोपी.

मर्व्ह परत आला होता. त्याने वूफरचे स्क्रू काढले, भोकातून आत हात घातला आणि काळपट हिरवी लोकर बाहेर ओढली. मग वूफर उजेडात धरला. कागदाचा शंकू ओला होऊन एका बाजूला लोंबला होता. मागच्या तारेच्या वेटोळ्यावर गंज.

"हे काय आहे?"

"जरा ओल धरली," अर्विन म्हणाला.

"ओल? यात कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात! तू काय केलंस? खरं सांग."

अर्विनने सांगितलं.

मर्व्हने हातातली लोकर जमिनीवर टाकली. मग म्हणाला, "स्पीकरला पाणी पाजलंस."

"पिंपाला पाजलं."

"पिंपात स्पीकर होता, गाढवा! कागदाचा! मी हे वूफर कुठून कुठून शोधून आणले, आणि तू त्यांना आंघोळ घातलीस. दर रविवारी! चर्चहून येऊन!"

"हवा निसटत होती. मग काय करू?"

"सरस लाव."

"नाही."

"प्रत्येक सांध्याला सरस लाव, म्हणजे ते कधी उघडणार नाही. ओलं नको, ठोकणं नको."

"मर्व्ह, पिंपाला सरस लावत नाहीत."

"खळ चालते ना तुला? पिठाची? मग खळ आणि सरसात फरक काय?"

"खळ पिंपाला मदत करते. सरस पिंपाच्या जागी काम करतो."

"बरं," मर्व्हने हात पुसले. "मग ईस्टरला मी गाडी काढतो. तिची पेटी तुझ्या गाडीत मावायची नाही."

हे बोलून त्यालाही बरं वाटलं नाही. त्याने वूफर कागदात गुंडाळला आणि निघून गेला.

एल्मा दाराच्या आतच उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार, पण ती वेगळंच बोलली. "लिओनोरचा फोन होता. खोली रिकामी झालीय. खिडकी बागेकडे उघडते म्हणे. मला काय खिडकीचं."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं कळवते."

अर्विन पायरीवर बसला. बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत राहिला.

"समज, मी सरस लावला तर?"

"तू?" एल्मा हसली. "अर्विन, ज्याची तुला लाज वाटेल असं माझ्यासाठी काही करू नकोस. मरेपर्यंत मला ऐकवत राहशील."

"नाही ऐकवणार."

"ऐकवशील. 'तुझ्यासाठी मी काय काय केलं' म्हणशील, पाहुण्यांसमोर म्हणशील. मी टनुंडाला बरी."

ते खरं होतं. पण त्याला दुसरंही दिसत होतं: ती हसताना त्याच्याकडे नाही, त्याच्या कानाच्या बाजूला बघत होती, कारण तिला त्याचा तेवढाच भाग दिसत होता. आणि ती टनुंडाच्या खोलीत गेली तर त्याचा आवाज तरी तिला रोज कशाला ऐकू येणार?

सरस अँगस्टनच्या दुकानातून आणणं शक्यच नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. तो शेजारच्या गावी, नुरिऊट्पाला गेला. तिथली काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, कशासाठी हवा? आत वापरायचा की बाहेर?"

"शेजाऱ्यासाठी," अर्विन म्हणाला.

"शेजाऱ्याला आत वापरायचाय की बाहेर?"

त्याने दोन्ही घेतले.

पिंपं सोडवली. फळ्यांवर खडूने आकडे घातले आणि पत्र्याच्या छपरावर वाळायला टाकल्या. उत्तरेचा वारा आता कामाला आला. ओलीचा कण उरला नाही. कडा रंध्याने पुन्हा ताज्या केल्या. मग बाटली उघडली आणि फळीसमोर तसाच उभा राहिला. हातोडी कशी धरायची हे तो झोपेतही सांगू शकला असता. ही बाटली कशी दाबायची हे त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी कुंपणावरून हाक मारली.

"मर्व्ह! ये. आणि हसलास तर परत जा."

मर्व्ह आला. हसला नाही, पण त्यासाठी त्याला बरेच कष्ट पडले. अर्विनने पहिल्या फळीवर सरस ओतला तो कोपरापर्यंत ओघळला.

"अरे, पावावर लोणी लावतोयस का? पातळ रेघ ओढ. हां. आता बोटाने पसर."

"बोटाने?"

"बोटाने. चिकटेल, चिकटू दे. मरत नाही माणूस."

फळी फळीला लागली, कड्यांनी आवळली गेली. बाहेर आलेला सरस मर्व्हने ओल्या फडक्याने पुसला. झाकणाच्या खाचेतही खळीऐवजी सरसच भरला. अर्विनच्या बोटांना शर्टाचे धागे, भुसा आणि एक मुंगी चिकटली होती. दुसरं पिंप जोडायला घेईपर्यंत त्याचा हात बसला. त्या पिंपाच्या तिसऱ्या-चौथ्या फळीला तो मर्व्हलाच सांगायला लागला, "इथे कमी लावलास." मर्व्हने ते ऐकून घेतलं.

सरस वाळल्यावर अर्विनने पिंप उलटं केलं आणि मागच्या झाकणावरची आपली खूण रंध्याने काढून टाकली. दोन्हींची.

"ती कशाला?" मर्व्हने विचारलं. "चांगली दिसत होती."

"ते पिंप नाही आता."

"मग काय आहे?"

"खोकं," अर्विन म्हणाला. "गोल खोकं."

मर्व्हने खाली पडलेल्या ढलप्या गोळा केल्या. 

बेव्हकडून पुन्हा लोकर आली, एल्माने पुन्हा धुतली. या वेळी ती घरातच वाळवली. नवे वूफर बसले. ईस्टर जवळ येत होता आणि उन्हाळ्याने जाता जाता आणखी एक लाट आणली होती. बाहेर पत्रे कडकडत होते. अशा दुपारी मर्व्हने शेवटचा स्क्रू पिळला आणि म्हणाला, "घे. मी जातो. मला ऐकायचं नाही." तो व्हरांड्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

अर्विनने सीडी लावली. न्यायाधीशवालीच, अर्धी राहिलेली.

एल्मा डोळे मिटून बसली. तिचा चेहरा वाचायचा अर्विन प्रयत्न करत होता, पण त्यावर काहीच नव्हतं. न्यायाधीश उठला. जाड, खोल आवाजात बोलायला लागला. अर्विनने पिंपावर हात ठेवला नाही. हात पाठीमागे बांधून उभा राहिला. न्यायाधीश बोलत राहिला. एल्मा ऐकत राहिली. तिच्या भुवया जवळ आल्या.

"अर्विन," ती म्हणाली.

"काय?"

"हा माणूस थुंकी गिळतोय."

"कोण, न्यायाधीश?"

"नाही रे, वाचणारा. प्रत्येक वाक्याआधी. हे बघ, आत्ता! आणि आता त्याने पान उलटलं." तिने मान तिरकी केली. "त्याच्या मागे कुठेतरी खुर्ची करकरतेय. इतकी पुस्तकं याची ऐकली, कधी कळलं नाही. किती गलिच्छ सवय."

अर्विन एक पाऊल पुढे आला. "म्हणजे वाईट येतंय?"

"शू. निकाल सांगतोय."

त्याने व्हरांड्याकडे बघितलं. मर्व्हने बाहेरून अंगठा वर करून विचारलं.  अर्विनने नुसते खांदे उडवले. मर्व्ह हिरमुसून पायरीवर बसला.

निकाल लागला. याही पुस्तकात एक भला वाटणारा भाऊ होता, आणि शेवटी तोच निघाला. एल्माला ते अजिबात पटलं नाही. लेखकाने फसवलं म्हणाली. पण सीडी संपेपर्यंत खुर्चीतून हलली नाही, आणि संपल्यावर टेलिफोन कुठे आहे ते चाचपडायला लागली. नंबर तिच्या बोटांनाच पाठ होता.

"लिओनोर? हां, मीच. अगं, त्या खोलीचं... नको. नाही, तब्येत बरी आहे. ईस्टरला जेवायला येऊ आम्ही दोघं, तो मध-बदामाचा 'मधमाशी' केक करीन. नाही गं, राहायला नाही." ती थोडा वेळ ऐकत राहिली. लिओनोरचं बोलणं लांबलं असावं. "ते असेल. ती बाई चांगलीच वाचत असेल. पण मला सांग, ती वाचताना थुंकी गिळते का?... तुम्हाला ऐकू येत नसेल. तिथे कुणालाच ऐकू येत नसणार."

तिने फोन ठेवला. अर्विन अजून तिथेच उभा होता. मर्व्ह दारात आला होता.

"मर्व्ह आहे ना तिथे?" एल्मा म्हणाली. "त्याला आत बोलव, कॉफी करते. आणि अर्विन, पुढची सीडी लाव. पण आधी बूट काढ. तू चाललास की सगळी फरशी बोलते, मला त्या माणसाचं ऐकू येत नाही."